चिखलात सोडलेले पिंजरे

आमच्या बेटावर दुसऱ्याच्या बायकोकडे वाकड्या नजरेनं बघितलंत तर लोक चार दिवस बोलतील. दुसऱ्याच्या पिंजऱ्याला हात लावलात तर जन्मात तुमच्याशी बोलणार नाहीत. शेवंडीचे, म्हणजे लॉब्स्टरचे, पिंजरे समुद्राच्या तळाशी असतात, वर नुसता बोया तरंगतो, ज्याच्या त्याच्या रंगाचा. बोया ज्याचा, त्याचा पिंजरा, आणि आत काय आहे ते बघायचा हक्क फक्त त्याला आणि देवाला. हिवाळ्यात धक्क्यावर रचून ठेवलेल्या रिकाम्या पिंजऱ्यांनासुद्धा कुणी बोट लावत नाही. माझ्या सख्ख्या भावानं एकदा लावलं. त्याला बेट सोडून पलीकडच्या किनाऱ्यावर गॅरेजात नोकरी धरावी लागली. आई त्याला भेटायला जायची, वडील कधी गेले नाहीत.

हे आधीच सांगून ठेवते, कारण हे ध्यानात घेतलं नाहीत तर व्हेस्टा क्रॉलीची गोष्ट तुम्हाला थाप वाटेल. मला स्वतःला अजून थाप वाटते, आणि मी तर तिथं उभी होते.

मी ड्रुसिला. धक्क्यावरचं दुकान माझं. दोर, बूट, मीठ, कॉफी आणि सरकारचं टपाल, सगळं एकाच फळीमागं. व्हेस्टा दीपगृहवाल्याची मुलगी, शाळेत माझ्या पुढं होती. लग्नाआधी आम्ही दोघी सार्डिनच्या कारखान्यात डबे भरायचो. ती कात्रीनं माशांची डोकी उडवता उडवता तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायची. बायांना वाटायचं, पोरगी मोठी देवभोळी आहे. कसली देवभोळी! ती कविता करत होती.

कविता पाकिटात घालून ती बॉस्टनच्या मासिकांना पाठवायची. शिक्का मीच मारायची. महिना-दीड महिन्यानं तेच पाकीट, तेवढंच जाड, परत यायचं. जाड पाकीट म्हणजे नापसंत, हे दुकानात शेगडीभोवती बसणाऱ्या झाडून सगळ्यांना पाठ झालं होतं. "ड्रू, व्हेस्टाचं कबूतर घरी आलं गं!" मर्ल अ‍ॅली ओरडायचा. मर्लचं काम म्हणजे उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. मासेमारीत मात्र त्याच्या तोडीचा गडी आमच्याकडे नव्हता, त्यामुळे त्याच्या विनोदाला सगळे हसायचे.

एकदा जिल्ह्याच्या वर्तमानपत्रानं तिची एक कविता छापली. कुठं? तर भरती-ओहोटीच्या तक्त्याखाली, टायरच्या जाहिरातीच्या डोक्यावर. आणि मेले नाव घालायला विसरले! बेटावर घरोघरी ती कविता भिंतीला लागली, कारण तक्ता लावावाच लागतो. महिनाभर लोक तिच्यासमोर उभे राहून ओहोटी कधी ते बघत होते. एकानं म्हणून ती वाचली नाही.

मग ते चर्चच्या हॉलमधलं शनिवारचं बीन्सचं जेवण. पाद्रीबाईंनी आग्रह केला म्हणून व्हेस्टा उभी राहिली आणि तिनं एक कविता म्हटली. सुंदर होती हो. मला काही कवितेतलं कळत नाही, पण माझ्या अंगावर काटा आला. संपली तसा मर्ल म्हणाला, "झकास झालं, व्हेस्टा! पण ह्यात हेरिंग मासळीचा भाव काय लागला ते राहिलंच की!" हॉल फुटला हसून. गाढवाला गुळाची चव काय, म्हणून सोडून द्यावं, पण इथं हॉलभर गाढवं आणि गूळ बिचारा एकटा. आणि तिचा नवरा एनॉक? तो ताटात डोकं घालून बीन्स खात होता. वर बघितलंसुद्धा नाही. असा संताप आला मला, वाटलं ते गरम भांडं त्याच्या डोक्यावर उपडं करावं.

बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं, "लक्ष देऊ नको गं त्या मेल्यांकडे."

"मला टाळ्या नकोत, ड्रू," ती म्हणाली. "कुणीतरी एकानं वाचावं आणि त्याच्यापर्यंत पोचावं, एवढंच. एक माणूस मिळाला तर मी मरायला मोकळी."

त्यानंतर कबूतर उडायचं थांबलं. सगळ्यांना वाटलं, व्हेस्टानं कविता सोडली. मलाही तसंच वाटलं.

आता एनॉकबद्दल. हा माणूस ताकाला तूर लागू द्यायचा नाही. तुम्ही काहीही बोला, तो "हूं" म्हणणार. दुकानात येऊन बोटानं वस्तू दाखवणार. त्यांना मूल एकच झालं, तेही पलीकडच्या दवाखान्यात, आणि व्हेस्टा रिकाम्या हातांनी होडीतून उतरली. त्यावर कुणी काही विचारलं नाही. आमच्याकडे विचारत नाहीत. खपली काढू नये म्हणतात. एनॉकनंही तिला काही विचारलं नसणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

आणि मासेमारीत तर तो बेटाचा विनोद होता. शेवंड खडपात, खडकाळ तळावर राहते, चिखलात नाही, हे आमच्याकडच्या रांगत्या पोरालाही कळतं. सगळे आपले पिंजरे खडपांच्या कडेनं सोडतात. एनॉकचे मात्र बंदराच्या तोंडापासून निघायचे ते सरळ रेषेत बाहेरच्या खडकापर्यंत. मध्ये खडप आलं तर खडपावर, चिखल आला तर चिखलात. निम्मे पिंजरे अशा जागी की तिथं खेकडासुद्धा वाट चुकल्याशिवाय जायचा नाही.

"काय एनॉक, चिखलात बटाटे लावलेस का?" मर्ल विचारायचा.

"हूं," एनॉक म्हणायचा.

व्हेस्टाही करवादायची त्याच्यावर. माझ्या दुकानात, चारचौघांत. "अरे, लोकांसारखा खडपात सोड की! बापानं हेच शिकवलं का तुला?" तो हूं म्हणायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चिखल. होडीवर मदतीला गडी ठेवायची ऐपत कधी झाली नाही. पिंजरे बांधायला हिवाळ्यात व्हेस्टाच बसायची, लाकडी पट्ट्या ठोकत. तिच्या हातचा पिंजरा कसा घोटीव असायचा. दुरुस्ती मात्र एनॉक एकटा करायचा, आपल्या शेडमध्ये.

ऑक्टोबरात एके दिवशी मर्लला एनॉकची होडी एकाच जागी गोल गोल फिरताना दिसली. इंजिन चालू, सुकाणूवर कुणी नाही. एनॉक आत मरून पडला होता, हातात दोर तसाच धरलेला. सकाळी त्यानं माझ्याकडून तंबाखू नेली होती. मर्लनं होडीवरच्या रेडिओवरून दुकानात कळवलं तेव्हा मी गारच पडले. कालपर्यंत ज्याला सगळे हसत होते तो माणूस असा एकाएकी नाहीसाच झाला.

आमच्याकडे कोळी गेला की त्याचे पिंजरे बाकीचे उचलून आणतात. तेवढ्या एका दिवशी दुसऱ्याच्या पिंजऱ्याला हात लावायचा. मासेमारीचा सरकारी वॉर्डन येऊन मान डोलावतो, मग सगळ्या होड्या एकामागून एक निघतात. पहिला पिंजरा पहिल्या होडीनं घ्यायचा, दुसरा दुसरीनं, असं पाळीपाळीनं, म्हणजे उपकार कुणा एकाचा नको. आत जे सापडेल ते विधवेच्या घरी पोचतं. पहिला मान मर्लला मिळाला, कारण त्यानंच एनॉकला आणलं होतं.

त्या सकाळी होड्या निघून गेल्यावर मी दुकानात कॉफी उकळत होते. दार धाडकन उघडलं आणि व्हेस्टा आत आली. अंगात कोट नाही, केस मोकळे, चेहरा पांढराफटक.

"ड्रू, त्यांना थांबव!"

"कुणाला गं?"

"होड्यांना! पिंजरे उचलू देऊ नको. तिथंच कुजू देत."

"अगं, डोकं फिरलं का तुझं? तुझ्यासाठीच चाललेत ते. बस आधी इथं."

"आत कविता आहेत," ती म्हणाली.

मला वाटलं, संपलं. दुःखानं हिचं डोकं गेलं. मी तिच्या हातात कप दिला. तिनं तो फळीवर आपटला.

"वेडी नाही झाले मी! प्रत्येक पिंजऱ्यात एकेक ओळ आहे. तळाच्या पट्टीवर, आतल्या बाजूला. खिळा चुलीत तापवून लिहायची. हॉलमधल्या त्या जेवणानंतरच्या हिवाळ्यापासून. एकच कविता आहे, अजून चालूच आहे."

"इतकी वर्षं? आणि कागदावर?"

"कागदावर नाही. कुठंच नाही."

अहो, जिला आम्ही गप्प झाली समजत होतो ती बाई तीसेक वर्षं समुद्राच्या तळाशी कविता पाठवत होती! "का गं, बये?" मी विचारलं.

"तिथं हसायला कुणी येत नाही," ती म्हणाली. "आणि दार उघडून आत वाकल्याशिवाय दिसत नाही. दार उघडणारा माणूस एकच."

आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी स्टूल ओढून बसले. "मग? वाचलं त्यानं?"

"कधी बोलला नाही."

"आणि तू विचारलं नाहीस?"

"विचारलं असतं आणि तो 'हूं' म्हणाला असता तर?"

मी कप पुन्हा तिच्याकडे सरकवला. "निदान किनाऱ्यावर आणल्यावर आत डोकवायचंस तरी. अक्षरं पुसलीत की आहेत, काय झालंय."

"त्याचा बोया लागला की पिंजरा त्याचा," व्हेस्टा म्हणाली. "मी कशी हात लावू?"

आणि ह्यात तिला काही विशेष वाटत नव्हतं. बेटावर कुणालाच वाटलं नसतं.

"जुन्या पट्ट्या तर केव्हाच सडल्या असतील," ती पुढं म्हणाली. "पाच वर्षांच्या वर पट्टी टिकत नाही, किडा खातो. राहिल्या असतील त्या अलीकडच्या. पण त्याही मर्लच्या तोंडी नकोत गं. आज तरी नकोत. एनॉकला पुरून तीन दिवस झाले नाहीत, आणि हे हसणार."

मी फळीवरच्या रेडिओकडे धावले. पण आमच्या रेडिओवर एकजण बटण दाबून बोलत असला की दुसऱ्याचं त्याला ऐकू येत नाही, आणि मर्लच्या बोटाखालून बटण कधी सुटतं?

"पहिला पिंजरा आला," मर्ल सांगत होता. "दोन शेवंडी, बऱ्यापैकी. एक खेकडा. थांबा... आत काहीतरी लिहिलंय रे."

"मर्ल! दार लाव त्याचं!" मी ओरडले. कुणाला ओरडले? त्याचं बटण दाबलेलंच होतं. त्यानं टपालाचा पत्ता वाचावा तसं ठणठणीत वाचलं: "'तू उठतोस तेव्हा मी जागीच असते.' हे काय आहे बुवा?"

व्हेस्टानं माझा दंड धरला. नखं रुतली. "ही पहिली आहे," ती म्हणाली. "अगदी पहिली. हा पिंजरा कधीच सडून गेला, ड्रू. ही कशी असेल?"

मर्ल बोलतच होता. "पट्टी नवीकोरी आहे. चाकूनं कोरलंय. एनॉकचा हात दिसतो, होडीवर नाव कोरलंय ना, तसाच."

"चाकूनं?" व्हेस्टा म्हणाली. "मी खिळ्यानं लिहिलं होतं."

तेवढ्यात दुसरा आवाज आला. म्हातारा फॉस्टर, मर्लच्या मागच्या होडीतला. "माझ्याही पिंजऱ्यात आहे रे. ऐक. 'डोळे मिटून घेते, म्हणजे तुला बूट हातात घेऊन जाता येतं.'"

तिसऱ्या होडीनं वाचलं, "'दार लागलं की तुझी उशी ओढून घेते.'"

चौथीनं वाचलं, "'तिला डिझेलचा वास येतो. मला तो आवडतो, कुणाला सांगू नकोस.'"

कुणीतरी फिसकन हसलं. माझ्या कपाळाची शीर तडकली. पण मी बटण दाबायच्या आत मर्लचा आवाज आला. "गप रे! हसायला काय झालं? पुढचा कुणाचा?"

मर्ल अ‍ॅली दुसऱ्याला गप बसवतोय! मी कान चोळले. खोटं नाही सांगत, खरंच चोळले.

ओळी येत राहिल्या. कुणाचा आवाज घोगरा, कुणी अडखळत वाचतोय, मागं इंजिनं आणि दोर ओढायच्या चक्राचा आवाज. 'तू परत येतोस आणि मी म्हणते, किती मिळाली?' एका होडीनं म्हटलं, तर पुढची म्हणाली, 'विचारायचं असतं वेगळंच.' मग फॉस्टर म्हणाला, "मर्ल, हे एकाला एक जोडून येतंय. तुझ्या लक्षात येतंय का?"

"येतंय," मर्ल म्हणाला. "पण आता चिखल सुरू झाला. हा पिंजरा रिकामा. पुढचाही रिकामा असणार."

रिकाम्यातही ओळ होती. त्याच्या पुढच्या रिकाम्यातही होती, आणि ती आधीच्या ओळीला लागूनच होती.

"ड्रू," मर्ल म्हणाला. आवाज त्याचा वाटेना. "व्हेस्टा तिथं आहे का? तिला सांग, त्यानं सगळे क्रमानं सोडलेत. पहिल्यापासून. क्रम मोडू नये म्हणून सरळ रेषेत. खडप असो, चिखल असो. बटाटे नव्हता लावत तो."

मी व्हेस्टाकडे बघितलं. ती मान हलवत होती, नाही नाही म्हणत. "वसंतात होडी भरायला त्याला सगळ्यांहून जास्त वेळ लागायचा," ती म्हणाली. "मी म्हणायची, किती रेंगाळतोस! तो पिंजरे लावत असायचा, ड्रू. एकेक दार उघडून, वाचून लावत असायचा." मग ती एकदम हुंदका देऊन म्हणाली, "गेला त्या सकाळीसुद्धा मी चिखलावरून बोलले गं त्याला. शेवटचं तेच बोलले."

मी तिचा हात धरून ठेवला. हिला एक वाचणारा हवा होता, आणि तो तिच्याच टेबलावर बीन्स खात होता. त्याच्यावर मी भांडं उपडं करायला निघाले होते!

रेडिओवर पुढची ओळ आली, फॉस्टरची. तो हळू वाचत होता. "'जी जगली नाही तिचं नाव मी ठेवलंय.'"

दुकानात कॉफी उतू गेली. मी उठले नाही. बेटावर हे कधी कुणी तोंडातून काढलं नव्हतं, आणि आता सगळ्या होड्यांवर ऐकू गेलं होतं. पुढच्या होडीवाल्यानं घसा साफ केला. "'तुला हवं असेल तर विचार.'"

पुन्हा मर्लची पाळी आली.

"व्हेस्टा," तो म्हणाला, "हा पिंजरा तुझ्या हातचा नाही वाटत. खिळे वाकडे आहेत, पट्ट्या खालीवर. पण ओळ आहे. 'काय ठेवलंस?' एवढंच. पुढं काही नाही."

व्हेस्टा उभी राहिली. "ही माझी नाही," ती म्हणाली. "ड्रू, ही ओळ माझी नाही."

त्या मुक्या माणसानं विचारलं होतं हो! तोंडानं विचारता येईना, म्हणून आपल्या वेड्यावाकड्या हातानं एक पिंजरा बांधला आणि तिच्या ओळीपुढं नेऊन सोडला. पट्टी सडली की पुन्हा कोरलं, पुन्हा सडली की पुन्हा. किती वर्षं विचारत होता कोण जाणे. आणि ही त्याच्या पिंजऱ्यात डोकावली नाही, कारण तो त्याचा होता.

व्हेस्टानं माझ्या हातातून रेडिओ काढून घेतला. तिला तो कधी वापरता येत नसे, बटण मी दाबलं. ती तोंड अगदी जवळ नेऊन म्हणाली, "ऑलिव्ह."

बटण सोडलं. पलीकडे नुसती खरखर. मला वाटलं, ऐकूच गेलं नाही. मग मर्ल बोलला.

"परत एकदा सांग, व्हेस्टा. नीट सांग. त्याच्या ओळीखाली जागा आहे. मी चाकू काढतोय."